साडूंचं पडद्यावरचं मरण

माझ्या साडूंइतकं देखणं मरण अख्ख्या डोंबिवलीत कुणाला साधलं नसेल, आणि हे कबूल करताना माझ्या पोटात अजूनही दुखतं. साडू ठणठणीत आहेत; मेले ते सिनेमात. पण त्याआधी त्यांचं व्हिडिओ गेमचं वेड सांगायला हवं. रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ, कपाळाला अष्टगंध, डोळ्यांवर जाड भिंगं, रोज संध्याकाळी चहा झाला की कॅनडात गेलेल्या लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसतो आणि दोन तास झॉम्बी मारतो. झॉम्बी म्हणजे मेल्यावरही उठून चालणारी, माणसांना चावणारी प्रेतं, हे मला त्यांनीच समजावलं. "आजारी असतात हो बिचारे," असंही वर म्हणाले. स्वभाव इतका मऊ की गोळी झाडण्याआधी पडद्याकडे बघून "माफ करा हं काका" म्हणतात. बाई असेल तर "ताई". खेळातल्या पडक्या इस्पितळाचा जिना न् जिना त्यांनी चौकटीच्या वहीत पेन्सिलीने उतरवून ठेवलाय. त्यामुळे खऱ्या इमारतींतही त्यांची नजर भलतीकडेच. माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला कोपरीच्या हॉलमध्ये सगळे मुलाकडच्या मंडळींना न्याहाळत होते, तर हे भिंतीलगत एक प्रदक्षिणा घालून आले आणि माझ्या कानाशी लागले, "मागे एकच दार आहे, तेही कुलूपबंद. स्वयंपाकघरातून आत शिरले तर पहिले तुम्ही जाल." आणि शांतपणे मठ्ठा प्यायला लागले.

अशा माणसाला मी वीस वर्षं हसत आलो, कारण घराण्यातला कलावंत मी होतो. अठ्ठावीस वर्षं हौशी रंगभूमीवर काढलेली. अभिनयाची दोन उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्रं दिवाणखान्यात टांगलेली. टिटवाळ्याला सासुरवाडीला गेलो की सासूबाई शेजारणींना "हे आमचे नट" म्हणून माझी ओळख करून देत. साडू तर मला "नटवर्य" म्हणत, तेही मनापासून. माझा प्रत्येक प्रयोग त्यांनी पहिल्या रांगेतून पाहिलाय.

मग त्यांच्या त्या गेमवरून हिंदीत सिनेमा निघाला. चित्रीकरण मोहन्याच्या बाजूला एका बंद कारखान्यात होणार होतं आणि झॉम्बी व्हायला माणसं हवी होती. साहजिकच मी गेलो. आणि विषयाचा जाणकार सोबत असावा म्हणून साडूंना मीच घेऊन गेलो. हो, मीच.

निवड करायला एक तरतरीत मुलगी होती. "काका, चालून दाखवा. तुम्ही मेलेले आहात." मी पूर्ण तयारीने गेलेलो. या प्रेताला आयुष्यात काय मिळालं नाही, कशात जीव अडकलाय, सगळं मनात पक्कं होतं. एक हात आकाशाकडे नेत, घशातून हुंकार काढत मी वीस पावलं टाकली. ती म्हणाली, "काका, जरा जास्त होतंय. मेलेले नाही, पोट बिघडल्यासारखे वाटताय."

साडू माझी पाण्याची बाटली धरून कडेला उभे होते. हळूच म्हणाले, "यांचं काही चुकत नाहीये हो. फक्त या प्रकारातल्यांचा डावा खांदा आधी पडतो, मग मान. आणि ते उगाच ओरडत नाहीत. आवाज आला की तिकडे वळतात, बस."

"दाखवता का?"

त्यांनी बाटली माझ्या हातात दिली, चष्मा काढला आणि चार पावलं टाकली. मी नकळत त्यांची वाट सोडून बाजूला झालो. ती मुलगी दोन पावलं मागे सरकली आणि दिग्दर्शकाला बोलवायला पळाली. दुसऱ्या दिवसापासून साडू चाळीस झॉम्बींना चालायला शिकवत होते, प्रत्येकाला "अहो जाहो" करत. शिवाय नायिकेसमोर एक प्रसंग. त्यांनी शब्द टाकला म्हणून मलाही घेतलं: प्रेतांच्या ढिगात, खालून तिसरा.

पुढचे सहा महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सासूबाई आता "आमचे मोठे जावई सिनेमात आहेत" एवढंच सांगत. बायको म्हणाली, "भावोजींनी तो झॉम्बी करून दाखवला ना, मला खरंच भीती वाटली." मी विचारलं, "मला बघून कधी नाही वाटली?" तिने विचारात पडून विचारलं, "तुम्हाला? कसली?"

सिनेमा लागला तेव्हा सगळं कुटुंब कल्याणच्या थिएटरात दुपारच्या खेळाला. साडूंचा प्रसंग कापलेला असू दे, अशी मी मनातल्या मनात प्रार्थना केली. कापला नव्हता. नायिका जिन्यात कोंडली गेलेली, वरून साडू उतरतात, अगदी अंगावर येतात आणि थांबतात. तिच्याकडे बघतात. हात उचलतात, डोक्यावरून फिरवावा तसा. तेवढ्यात गोळी लागते आणि ते पायरीवर असे बसतात की जणू दमून घरी आलेत. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. ढिगात मी मात्र कुणाच्या तरी मांडीखाली होतो.

बाहेर आल्यावर लोक त्यांच्यासोबत फोटो काढत होते. मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं, "ते थांबणं दिग्दर्शकाचं का?"

"नाही हो, नटवर्य. चुकलंच ते माझं. त्या हिरॉइनने केस आमच्या पोरीसारखे बांधलेले. दिग्दर्शकांनी तसंच ठेवलं."

इतक्यात त्यांचा फोन वाजला. लेक होती. तिने तिकडे आदल्या दिवशीच सिनेमा पाहिला होता. गोंगाटात ऐकू येईना म्हणून साडूंनी आवाज मोठा केला. "बाबा, तू पडलास तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते रे. मी एकटीच रडत होते."

"वेडी का तू? गेम आहे तो. आणि आज पाठ कोण सांभाळणार तुझी? घरी पोचायला मला सात वाजतील."

मी मेव्हणीकडे पाहिलं. ती म्हणाली, "दोघं मिळूनच खेळतात की रोज. ती कामाला निघण्याआधी, तिकडच्या सकाळी. एक पुढे चालतो, दुसरा मागे बघतो. नुसत्या फोनवर दोघांनाही काही सुचायचं नाही. आता त्या झॉम्बींच्या मधेमधे सगळं बोलून होतं."

घरी येईपर्यंत भूमिकेचा हेवा बराचसा ओसरला होता. त्याच्या जागी दुसराच येऊन बसला, आणि तो काही हलेना. माझा मुलगा पुण्यात असतो. दर रविवारी न चुकता फोन करतो, "बरे आहात ना?" विचारतो, मी "बरा आहे" म्हणतो आणि फोन त्याच्या आईकडे देतो.

त्या रविवारी मी फोन दिला नाही. म्हटलं, "काय रे, तू हल्ली कुठला गेम खेळतोस?"

पलीकडे चालू असलेला टीव्ही त्याने बंद केला. मग घाबऱ्या आवाजात तो म्हणाला, "बाबा, काय झालंय? आई बरी आहे ना?"