भावाच्या नडगीतली माती
मडक्यांची भट्टी उघडली की गरम राखेचा वास येतो आणि मला माझ्या चुलतभावाची नडगी आठवते. ढोकीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरखाली त्याचा पाय सापडला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी हाडाच्या पोकळीत सिरॅमिकचे, भट्टीत भाजलेले खडे भरले. त्यांच्या बारीक भोकांतून नवीन हाड वाढतं म्हणे. प्लास्टर काढून तो घरी आला त्याच आठवड्यात गल्लीतल्या बाया लग्नाची मडकी न्यायला वाजतगाजत आमच्या अंगणात आल्या. आधी माझ्या चाकाला हळदकुंकू लावायची रीत. ते लावलं खरं, पण लगेच साऱ्या जणी त्याच्या बाजेभोवती गोळा झाल्या, रंगवलेल्या मडक्यांकडं कुणी बघंना. पाय लांब करून तो म्हणाला, "दादा, तुमची माती बायांच्या डोक्यावर, माझी तर हाडात हाय!" बाया लई हसल्या. माझं डोकं फिरलं. मडकं वाजवून बघतो तसं बोटाच्या पेरानं मी त्याची नडगी टकटक केली, कान लावला आणि म्हणालो, "कच्चं हाय. वाजत न्हाय." "वाजंल कसं? ते खडे हळूहळू विरघळून तिथं माझंच हाड येणार, डॉक्टर म्हणले." मी उठून बायांच्या डोक्यावर मडकी चढवायला लागलो. आता तो तुळजापूरच्या पायऱ्या चढतो, त्याचं मला काही वाटत न्हाय. पण माझं मडकं फुटलं की त्याचं खापरच होतं. ते खडे भाजणारा कोण, कुठला, ठाऊक न्हाय. त्याच्यावर मात्र मी अजून जळतो.