‘बसेल’ म्हणजे काय

कापसाच्या गाडीवरून मी पडले आणि चाक गुडघ्यावरून गेलं, तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची होते. अकोल्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे फोटो काढला आणि हात वर केले. गुडघ्याखालच्या हाडाच्या चिरफळ्या झाल्या होत्या, थेट सांध्यापर्यंत. त्यांनी आम्हाला अमरावतीला धाडलं.

तिथले सर्जन पुण्याकडचे. पाय कापणार नाहीत एवढं ऐकून आईचा जीव भांड्यात पडला. मग तिनं विचारलं, "बसन ना जी?"

"बसेल की. स्क्रू घालून नीट बसवतो," ते म्हणाले.

आई विचारत होती माझ्याबद्दल, ते सांगत होते हाडाबद्दल. आमचं पोट शेतातल्या निंदणावर, आणि तण निंदायचं तर दिवसभर उकिडवं बसावं लागतं. चूल जमिनीवर, दळण जमिनीवर, परसाकडे गेलं तरी बसायलाच हवं. नुसती उभी राहणारी बाई कोणाच्या कामाची? आई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली, "बसते म्हने पोरगी, डाक्टरच बोलले." मला तिचा रागच यायचा.

ऑपरेशनच्या सकाळी नाकावर भुलीचं औषध धरू लागले तेव्हा मी सर्जनांचा हात घट्ट पकडला. "साहेब, मी बसीन का? हाड नाही, मी."

"ते आत्ता नाही सांगता येणार," एवढंच ते म्हणाले. खोटं तरी बोलायचं होतं मेल्यानं! त्या उग्र वासात मी मनातल्या मनात ओरडत बुडाले.

प्लास्टर निघालं तेव्हा गुडघा खुर्चीवर बसण्याइतका वाकला, पुढे नाही. आमच्या घरात खुर्ची नव्हती. सर्जन फोटो उजेडाकडे धरून म्हणाले, "छान बसलंय." आई तोंडभर हसली. हिला घरी गेल्यावर कळेल तेव्हा काय होईल, या धास्तीनं परतीच्या आगगाडीत मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरात पाऊल टाकलं तर चूल जागेवर नव्हती. मी दवाखान्यात असताना आई मधेच एकदा घर सारवायला म्हणून गावी जाऊन आली होती. तेव्हाच तिनं भिंतीशी कमरेइतका मातीचा ओटा घालून चूल वर चढवली होती. ओटा वाळून खडखडीत झाला होता.

"उभ्यानंच टाक भाकरी," आई म्हणाली, आणि तोंड फिरवून पाण्याला गेली.