ग्रीस, रेती आणि चौथी रिंग

चौथी रिंग हलेना.

तीन रिंगा जेवणाच्या सुट्टीआधीच वर चढल्या होत्या. पुढच्या उजव्या चाकाची मात्र जागची सरकत नव्हती. आमचा सीनियर मेकॅनिक विनोद पान्याला लोखंडी पाइप अडकवून जोर लावायला निघाला. मी म्हटलं, "थांब."

चिंचपोकळीच्या एका गॅरेजमध्ये मी सस्पेन्शनचं काम बघते. समोर लिफ्टवर केतकीची दोन सीटची, जुनी, लाल स्पोर्ट्स कार होती. रविवारी घाटात हिल क्लाइंब होती, म्हणजे चढावर एकेक गाडी सोडून वेळ मोजायची शर्यत. केतकीची ही पहिलीच. पण आयोजकांच्या तपासणीत एक गोष्ट निघाली. गाडी दबली की पुढचा टायर आतल्या पत्र्याला घासत होता. गाडी उचला आणि शनिवारी परत दाखवा, नाहीतर स्टार्ट नाही, असं तिला स्पष्ट सांगितलं गेलं. आणि आज शुक्रवार.

अशा गाडीत स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असतात. त्याला कॉइलओव्हर म्हणतात. शॉकच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात आणि त्यावर अॅल्युमिनियमची एक रिंग असते. स्प्रिंग त्या रिंगवर बसते. रिंग फिरवत वर नेली की गाडी उचलली जाते. बरणीच्या झाकणासारखंच काम. फक्त झाकण फिरायला हवं.

"नवीन पार्ट मिळेल?" केतकीने विचारलं.

"मिळेल. पण बाहेरून येतो. ही शर्यत संपून पुढची आलेली असेल."

केतकीच्या शेजारी स्टुलावर तिचे वडील बसले होते. सावंतकाका लालबागचे. मिलच्या मेंटेनन्समध्ये फिटर होते. लेकीची गाडी म्हणून मुद्दाम आले होते.

"गंज धरलाय मॅडम," विनोद म्हणाला. "गॅसची टॉर्च मारतो. गरम झालं की सुटेल."

"शॉकच्या आत दाबाखाली गॅस आहे. रिंगेच्या आधी तू सुटशील."

अडलेल्या कामात मी आधी 'करायचं नाही' अशी यादी फळ्यावर लिहिते. टॉर्च नाही. हातोडा नाही. पाइप नाही. मग अख्खा कॉइलओव्हर उतरवला आणि स्प्रिंग कॉम्प्रेसरच्या शिकंज्यात स्प्रिंग दाबून बाजूला काढली. आता रिंगेवर कसलाच भार नव्हता. तरी ती हलेना.

नळीवर काळं, जाड लिंपण होतं. मी फडक्याने पुसलं. खाली आटे चक्क चकाकत होते! गंजाचा ठिपका नाही. मग अडलंय कशाने? ते काळं मी दोन बोटांत चोळलं. खरखर लागली.

"विनोद, हे ग्रीस आहे. आणि त्यात रेती."

"ग्रीस कुणी लावलं?" केतकी म्हणाली. "मी तर कुणाला हात लावू देत नाही."

सावंतकाका गॅरेजचं छप्पर बघायला लागले.

"बाबा! तुम्ही माझ्या गाडीला हात लावलात?"

"गाडीक नाय. गाडीखाली," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून तावातच, "समुद्राची हवा, मॅडम. लोखंड खाऊन टाकते. ग्रीस लावलं म्हणून वाचलं. गंज खंय आसा तो दाखवा माका!"

गंज नव्हताच. काकांचं तेवढं बरोबर होतं.

"गाडी कुठे उभी असते?" मी विचारलं.

"बिल्डिंगखाली," केतकी म्हणाली. "रिडेव्हलपमेंट चालू आहे ना. गेटपाशीच रेतीचा ढीग, पुढचं उजवं चाक त्याला लागूनच."

सगळं जुळलं. उघड्या ग्रीसला रेती चिकटते आणि त्याची आट्यांत अडकणारी, घासणारी पेस्ट होते. स्टीलची नळी टिकते, मऊ अॅल्युमिनियमची रिंग खाल्ली जाते. पाइप लावून जोर केला असता तर रिंगेचे आटे साफ उडाले असते आणि केतकीचा रविवार तिथेच संपला असता.

आता काम धुण्याचं होतं. रबरी सीलला रॉकेल लागू नये म्हणून वर फडकं बांधलं. रॉकेल, नायलॉनचा ब्रश, मग हवेचा झोत. रिंग ज्या वाटेने वर जाणार ती वाट आधी साफ केली. मग पाना हलका लावला, जोर न करता. किंचित पुढे, तितकंच मागे, पुन्हा रॉकेल. काळं पाणी गळत होतं. काका स्टूल सोडून कधी जवळ आले कळलंही नाही.

करकर झाली. मग एकदम रिंग फिरली.

"चल! चल!" विनोद ओरडला. केतकीने टाळ्या वाजवल्या. मीही ओरडले असेन.

पण फिरली म्हणजे पास झाली असं नाही. मी रिंग पूर्ण काढून भिंगाखाली बघितली. कडेचा एक आटा झिजला होता. आतले शाबूत होते. नळीवर चढवून हलवून पाहिली, खेळ, म्हणजे सैलपणा, नव्हता. ही शर्यत पार पडेल, पण नवी रिंग मागवायची, असं केतकीला सांगितलं. आट्यांवर मेणाचा कोरडा स्प्रे मारला. तो सुकला की हाताला काही लागत नाही, मग रेतीलाही धरायला काही राहत नाही. रिंग उंचीवर नेऊन स्प्रिंग बसवली आणि वरून धुळीचं कापडी कव्हर बांधलं.

"म्हणजे ग्रीस कुठेच नाय?" काकांनी विचारलं.

"आहे ना. जिथे रबराचं झाकण आहे तिथे आत ग्रीस. जिथे उघडं आहे तिथे कोरडं."

काकांनी कव्हर चाचपून पाहिलं. "मिलमध्ये आम्ही रोज जुनं पुसायचो, मग नवं लावायचो," ते म्हणाले. "इथे वाकायला होत नाय. नुसता हात घालून थापत गेलो."

"मला सांगायचं ना, बाबा," केतकी म्हणाली. "मी पुसलं असतं."

शनिवारी गाडी तपासणीत पास झाली. रविवारी दुपारी केतकीचा फोन आला. मागे इतका गोंगाट की दोनच शब्द कळले: "घासलं नाही!" नंतर समजलं, तिच्या गटात ती पाचवी आली. काका आठवडाभर लालबागमध्ये पहिली आली म्हणून सांगत होते.

गंजापासून काही वाचवायचं असेल तर लावण्याआधी पुसा. आणि लावून झालं की त्यावर काय चिकटतंय, तेही अधूनमधून बघत चला.