उकळल्यावर निवळलेलं

नलूताई कुणाकडेही गेल्या, की पाण्याचा ग्लास आधी खिडकीकडे धरून बघायच्या आणि मगच तोंडाला लावायच्या. जर्मनीतल्या नेकारसुल्मला मी नवीन होते. पहिल्यांदा त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुझा ग्लास लखलखीत आहे गं," त्या म्हणाल्या. "माझीच खोड. जन्म गेला नळ्या उजेडात धरण्यात."

रसायनशास्त्र शिकायला त्या पुण्याहून आल्या, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागल्या, इथल्याच माणसाशी लग्न केलं आणि तो गेल्यावरही इथंच राहिल्या. रविवारी मी त्यांच्याकडे पिठलं-भात खायला जायची. पिठल्याबरोबर हमखास लंडनच्या वाण्याची गोष्ट असायची.

हा वाणी एकोणिसाव्या शतकातला. हाडं दुखून दुखून बेजार झालेला. डॉक्टरांनी त्याची लघवी तापवली, तर भलतंच. साधं प्रथिन तापलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठतं आणि तसंच राहतं. हे मात्र कोमट असताना गढूळ, उकळल्यावर स्वच्छ, निवल्यावर पुन्हा गढूळ. चक्रावून त्यांनी नमुना एका रसायनतज्ज्ञाकडे पाठवला. अस्थिमज्जेच्या कर्करोगाचा माग असा लागला.

"आल्झो, तर मग, प्रथिनाला नाव कुणाचं? तपासणाऱ्याचं. आणि ज्याची हाडं खिळखिळी झाली, तो नुसता 'रुग्ण'. हे काय बरोबर आहे?" नलूताई विचारायच्या. म्हणून प्रयोगशाळेत नळीला कुणी नंबरानं हाक मारलेली त्यांना खपत नसे. "फ्राऊ वेबर म्हणा. कळा सोसत उठली असेल बिचारी."

मागच्या वर्षी थंडीत त्यांची पाठ धरली ती सुटेचना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, रिपोर्टसाठी टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, पुढच्या आठवड्यातली मिळाली. रविवारी गेले तर शेगडीवर पाण्याच्या पातेल्यात काचेची नळी उभी.

"नलूताई, हे काय?"

"माझाच नमुना आहे. थोडं व्हिनेगर घातलंय. पिठलं झाकून ठेवलंय, ते नंतर."

"अहो, रिपोर्ट येईल की."

"येईल. मग डॉक्टर शब्द शोधत बसेल. मला माझ्या डोळ्यांनी बघू दे."

पाणी तापलं आणि नळीत ढग उतरला. "असाच राहिला तर मूत्रपिंडाची कुरकुर, निभेल," त्या म्हणाल्या. निवळला तर काय, ते मला विचारावं लागलं नाही. मला वाणी पाठ होता. काहीतरी गढूळच राहू दे म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला विनवत होते.

पाणी खळखळायला लागलं. त्यांनी चिमट्यानं नळी उचलून खिडकीकडे धरली. पलीकडचा द्राक्षमळा तिच्यातून स्वच्छ दिसत होता.

"गेनाऊ, अगदी तेच," त्या हळूच म्हणाल्या. नळी निवायची वाट त्यांनी पाहिली नाही. "बस आता. आणि रडायचं असेल तर जेवून रड, पिठलं गार होतंय."

औषधांनी त्यांना पुढचा हिवाळा दाखवला, वसंत नाही.

रविवार मला अजून खायला उठतो. फोन उचलते आणि तसाच खाली ठेवते. त्यांच्यासारखं 'अगं' म्हणणारं या गावात आता कुणी नाही.

परवा ऑफिसातली नवी मुलगी घरी आली. तिला पाणी देताना माझा हात आपसूक खिडकीकडे गेला.

"काही पडलंय का त्यात?" तिनं विचारलं.

"नाही गं. नलूताईंची सवय."

"कोण नलूताई?"

"सांगते," मी म्हटलं आणि पिठल्याला आधण ठेवलं.