बाजूच्या सीटवरचं वजन

माझी जुनी पिकअप डावीकडे ओढायची. स्टिअरिंग माझ्याच हातात, तेव्हा हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी एका म्हाताऱ्याने ते सांगितलं, तेही चारचौघांत, आणि मला राग आला. त्या रागापायी मी त्याच्याशी जे वागलो ते आज लिहून काढतोय. मन हलकं व्हावं म्हणून नाही. लिहून मन हलकं वगैरे काही होत नाही.

मी राहायला पंचवटीत. थंडी सुरू झाली की पेठच्या पुढच्या पाड्यांवरून मजुरांची टोळी भरायची, निफाडकडच्या द्राक्षबागांत थिनिंगला सोडायची आणि काम उरकलं की परत पोचवायची, हा माझा धंदा. थिनिंग म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढून टाकणं. दिवसभर मान वर, हात वर. हे काम जोडीजोडीने चालतं, नवरा एका बाजूने आणि बायको दुसऱ्या बाजूने. त्या वर्षी या म्हाताऱ्याची बायको आजारी म्हणून घरीच राहिली होती, त्यामुळे टोळीत तो एकटाच बिनजोडीचा. मी त्याची थट्टा करायचो. म्हणायचो, बाबा, तुझं एक चाक पंक्चर आहे. तो साठीच्या पुढचा, मी चाळिशीचा. पण टोळीतल्या माणसाला अहो-जाहो करायची आमच्याकडे पद्धत नाही. मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला शेठ म्हणायचा.

गाडीचा पुढचा भाग पार खिळखिळा झाला होता. खड्ड्यात चाक गेलं की खालून टणकन आवाज यायचा. पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने इतके खाल्ले गेले होते की बोट फिरवलं तर तार टोचेल. सरळ जायचं तर स्टिअरिंग उजवीकडे वळवून धरावं लागे. निफाड रोडच्या एका मेकॅनिकने यावर दहा मिनिटांत इलाज केला होता. त्याने वरचं स्टिअरिंग काढलं, फिरवून सरळ दिसेल असं परत बसवलं आणि म्हणाला, घ्या, झालं सरळ. चाकं होती तशीच वाकडी. पण हातात स्टिअरिंग सरळ दिसत होतं, आणि मला तेवढ्यावर समाधान होतं. लोकांना दाखवायला बरं पडायचं.

टोळीचं काम संपायच्या आदल्या दिवशी बागायतदार बांधावर उभा राहून सगळ्यांशी बोलत होता. त्याने सहज विचारलं, काही त्रास झाला का इथं? मग हा म्हातारा म्हणाला, "त्रास काय नाय. पण शेठची गाडी डावीकडं वढती. घाटात दरी त्याच बाजूला हाय. बायामाणसं घाबरत्यात."

बागायतदार माझ्याकडे वळला. माझ्याहून वयाने लहान माणूस, पण मला सगळ्यांसमोर झाडलं. माणसं भरता का मेंढरं, पुढच्या वेळी गाडी नीट असेल तरच या, असलं बरंच काही. मी हसून घेतलं. आतून मात्र जळफळाट झाला होता. म्हातारा खोटं बोलला असता तर मला इतका राग आला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान गाडीत चढत असताना मुकादमिणीचा फोन वाजला. टोळीत तो एकच फोन. टोळी गोळा करणारी, कामावर लक्ष ठेवणारी ही बाई चांगली खमकी होती. फोन म्हाताऱ्याच्या मुलाचा होता. त्यांच्या पाड्यात रेंज नाही, म्हणून तो टेकडीवर चढून बोलत होता. आईने तीन दिवसांपासून अन्न सोडलंय, आज सारखं बाबाचं नाव घेतेय, तिचा काही भरवसा नाही, लवकर या. म्हाताऱ्याने फोन परत दिला आणि दोन्ही हात धोतराला पुसले. मुकादमिणीने त्याला मागे चढू दिलं नाही. "तुम्ही पुढं बसा," म्हणाली. तो माझ्या शेजारी येऊन बसला.

नाशकात शिरल्यावर मी गाडी सरळ पेठ रोडच्या चाकं सरळ करणाऱ्या अलाइनमेंटवाल्याकडे घातली. दहा वाजले होते. घाट उतरायचा तर पुढच्या चाकांची दुरुस्ती हवी, हे खरंच होतं, आणि ते मी मोठ्याने बोलून दाखवलं. पण ती एक बाजू. दुसरी मला तेव्हाही माहीत होती. काल माझी अब्रू काढणाऱ्याला दाखवायचं होतं, गाडी दुरुस्त करणं म्हणजे काय असतं ते.

मिस्त्री जुना माणूस, तोंडाने फटकळ. त्याने जॅक लावला, चाक वर-खाली हलवलं, लोखंडी टामी घालून आर्म उचलून पाहिला आणि मलाच खाली वाकायला लावून दाखवलं. "दोन्ही बाजूचे बॉलजॉइंट गेले. बुश गेले. टाय रॉडला एवढा प्ले, पार ढिला. आणि हे स्टिअरिंग कुणी फिरवून बसवलं? त्याला माझा नमस्कार सांगा." पार्ट शहरातल्या द्वारका चौकातून आणायचे, बसवायचे, मग अलाइनमेंट. चार-पाच तास जातील म्हणाला. वर आणखी एक बजावलं. "रिकाम्या गाडीचं अलाइनमेंट खोटं असतं. रोज जेवढं वजन असतं तेवढं घालून करू. मागं माणसं बसवा आणि पुढं बाजूच्या सीटवर एक. पुढच्या चाकाला त्याचा फरक पडतो."

चार-पाच तास हे ऐकून म्हातारा माझ्याजवळ आला. "शेठ, साडेदहाची यष्टी हाय पेठची. मला जाऊ द्या. दुपारपर्यंत घरी पोचंल मी."

मिस्त्री खालूनच म्हणाला, "जाऊ द्या की त्याला. वजनाचं काय घेऊन बसलात, मार्केट यार्डातून बटाट्याची गोणी आणून ठेवू सीटवर."

किती सोपं होतं. एक गोणी. मागे बारा माणसं होती, त्यातलं कुणीही पुढे बसलं असतं. पण मला वजन नको होतं, तोच हवा होता. मी म्हणालो, "बाबा, गाडी डावीकडं ओढते असं तूच सांगितलंस ना काल? तुलाच नीट हवी होती ना? मग नीट होईपर्यंत बस आता. तुझ्यासाठीच तर करतोय."

टोळीतले दोघं-तिघं हसले. माझ्या धाकाने हसले असतील, पण हसले, आणि मला बरं वाटलं. मुकादमीण म्हणाली, "शेठ, बाई मरायला टेकलीया त्याची." मी म्हणालो, "सुट्टी हवी असली की सगळ्यांच्या बायका मरायला टेकतात." हे वाक्य मी उच्चारलेलं आहे. त्यात एका शब्दाचाही फेरफार मला करता येत नाही.

त्याला कुणी बांधून घातलं नव्हतं. रस्ता वीस पावलांवर होता. पण पुढच्या वर्षी टोळीत कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही हे माझ्या हातात होतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तो भिंतीला टेकून उकिडवा बसला. साडेदहाची एस.टी. आली, नाक्यावर थांबली आणि गेली. तो उठला नाही, फक्त ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

पार्ट यायला बारा वाजले. जुने बॉलजॉइंट निघाले तेव्हा मिस्त्रीने एक माझ्या हातात दिला. सॉकेटमध्ये तो ढिल्या दातासारखा हलत होता. "अजून एक महिना चालवली असती तर चाक सुटून गेलं असतं," तो म्हणाला. म्हणजे म्हाताऱ्याचं बरोबर होतं. मी ते लोखंड भंगारात टाकलं आणि चहा मागवला. सगळ्यांसाठी मागवला, त्याच्यासाठीही. त्याने घेतला नाही, तर मला त्याचाही राग आला.

दोननंतर मिस्त्री जेवायला गेला. तीनला गाडी अलाइनमेंटच्या पाटांवर चढली. मागे हौद्यात बारा माणसं दाटीवाटीने बसली, बाजूच्या सीटवर म्हातारा. मिस्त्री चाकाखाली काम करत होता आणि अधूनमधून ओरडायचा, हलू नका रे. म्हातारा हलतच नव्हता. समोरच्या काचेतून भिंत दिसत होती, तिच्याकडे बघत बसला होता. मी खिडकीत तोंड घालून म्हणालो, "कसं, आरामात आहे ना? गादीवर बसलायस." त्याने मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते मला कळलं नाही, आणि विचारायचं कारणही वाटलं नाही.

पावणेचारला आम्ही निघालो. गाडी सुतासारखी चालत होती. खरं सांगतो, मी खूश होतो. इतक्या महिन्यांनी स्टिअरिंगशी झगडावं लागत नव्हतं. शहर संपल्यावर सरळ रस्ता लागला तेव्हा मी दोन्ही हात वर उचलले. "बघ बाबा. आता कुठं ओढते? बघ ना!" गाडी नाकासमोर चालली होती. तो माझ्या रिकाम्या हातांकडे बघून म्हणाला, "बरी चालती." मला त्यात कमीपणा वाटला, म्हणून मी आणखी एकदा हात सोडून दाखवले.

सावळघाटात त्याने स्वतःहून तोंड उघडलं. किती वेळ लागंल एवढंच विचारलं. मी म्हटलं, गाडी आता पळते, चिंता करू नकोस. आणि मी खरंच जोरात हाणली. आता त्याला लवकर पोचवून द्यावं असं मला मनापासून वाटत होतं. माझा राग फिटला होता. राग फिटला की माणूस स्वतःला किती पटकन चांगला समजायला लागतो, हे मला त्या घाटात कळायला हवं होतं.

पेठ ओलांडून आडरस्त्याला लागलो तेव्हा दिवस मावळत होता. पाड्याच्या अलीकडे नदी आहे. तिथून वीस-पंचवीस माणसं वर चढून येत होती. ओले कपडे, ओले केस, बायका त्यात नाहीत. मी ब्रेक दाबला. काय झालंय ते मागच्या हौद्याला माझ्याआधी समजलं आणि एका बाईने हंबरडा फोडला. म्हातारा दार उघडून उतरला, पण तिथेच उभा राहिला.

त्याचा मुलगा पुढे आला. तिशीचा असेल. तो बापाच्या गळ्यात पडला नाही, की रडला नाही. थकलेल्या आवाजात सांगत गेला. "दोन वाजेपर्यंत बोलत व्हती. गाडीचा आवाज आला का दाराकडं बघायची. आम्ही पाचपर्यंत थांबलो, बाबा. मंग दिवस बुडाय लागला. अंधारात नेता येत नाय." जरा थांबून त्याने विचारलं, "एवढा येळ का झाला?"

मी स्टिअरिंगवर होतो. मागे बारा माणसं होती, मुकादमीण होती. त्यातल्या कुणीही बोलावं, मला खाली ओढावं, अशी मी वाट बघत होतो. वाट बघत होतो की भीत होतो, ते आता सांगता येत नाही. सगळे म्हाताऱ्याकडे बघत होते, कारण बोलायचा हक्क त्याचा होता.

तो म्हणाला, "गाडी बिघडली व्हती वाटंत. शेठनं दिवसभर खटपट केली."

मुलगा माझ्या खिडकीशी आला. त्याच्या केसांतून अजून नदीचं पाणी गळत होतं. त्याने दोन्ही हात जोडले. "शेठ, आमच्यापायी लय हाल झालं तुमचं. उपाशी असाल. घरी चूल नाय पेटायची आज, पण शेजारी भाकर करायला सांगतो. खाऊन जा."

त्या वेळी खरं सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं, आणि ते ऐकायला सगळे समोर उभे होते. म्हातारा पाठमोरा होऊन नदीकडे उतरायला लागला होता. एकटाच.

मी म्हणालो, "त्यात काय एवढं." आणि शेजारच्या घरी जाऊन भाकर खाल्ली.