भातानं चिकटवलेल्या ओळी

सुधाकरबाबूनं डबा उघडला की मी तोंड फिरवत असे. जेवण झालं की तो भाताची दोन शितं बोटानं चिरडायचा, कागदाच्या चिठ्ठीमागं फासायचा आणि चिठ्ठी भिंतीवर थापायचा. मग तेच बोट पँटला. सौंसरच्या संत्रा व्यापाऱ्यांच्या ऑफिसात मी चपराशी होतो. ती भिंत आणि तिच्यावरच्या मुंग्या माझ्या नशिबी.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. ऑफिसात कम्प्युटर आला आणि तो चालवायला नागपुरात शिकून आलेला हा पोरगा. त्या खोलीत आम्ही चपला काढून जायचं, मशीनला फडकं लावायचं नाही. हा मात्र संत्र्याच्या बिया टेबलाखाली थुंकायचा.

चिठ्ठ्यांवर इंग्रजीत मशीनला द्यायचे हुकूम. एक ओळ नावं क्रमानं लावणारी, एक कागद संपला की छपाई थांबवणारी, एक दुसऱ्यांदा आलेलं नाव उडवणारी. नवं काम आलं की लागतील त्या चिठ्ठ्या उपटायच्या, बघून टाइप करायच्या, परत भातानं चिकटवायच्या.

"काहून रे, डोक्यात काही राहत नाही का तुह्या?" मी एकदा विचारलं.

"एकदा लिहिलं ते पुन्हा काहून डोक्यानं लिहाचं, काका? जोडलं का जमते!"

'जमते' हा शब्द त्याच्या तोंडात सुपारीसारखा घोळायचा. कोणाच्या लग्नातल्या पाहुण्यांची यादीसुद्धा तो हसत छापून द्यायचा. एवढं त्याचं मान्य करतो.

व्यापाऱ्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं शिबिर भरवलं. माझ्या बायकोला, जानकीला, दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. तांदळातले खडे ती चाचपून काढायची. नातवाला मांडीवर घेऊन त्याचं नाक चाचपायची आणि विचारायची, "कोणावर गेला जी हा?"

शिबिराच्या सकाळी ती न्हाऊन, नवं लुगडं नेसून बाकावर बसली. "जानकी शामराव ढोबळे, रामाकोना," असा पुकारा झाला. ती उठायला आणि दुसरी एक म्हातारी पुढं जायला एकच गाठ. तीही जानकी, तिचा नवराही शामराव, आडनावही तेच, गाव तेवढं वेगळं. आमच्या भागात त्यात नवल काय? पण यादी बाबूनं मशीनवर केली होती, आणि एकच नाव चुकून दोनदा येऊ नये म्हणून त्यानं ती उडवणारी ओळ जोडली होती. यादीत रामाकोन्याची जानकी राहिली, माझी उडाली. खाटा भरलेल्या, डॉक्टरांनी सामान यादीइतकंच आणलेलं. पुढच्या वर्षी या म्हणाले.

मी बाबूची कॉलर धरली.

"मशीननं उडवलं, काका. मी नाही."

"अन् चिठ्ठी का मशीननं चिकटवली भिंतीले?"

जानकीनंच माझा हात ओढला. "सोडा जी त्याले. त्या जानकीले तं दिसन ना आता. आपल्या शामरावचं थोबाड पाहून पस्तावन ते बिचारी."

पुढचं शिबिर भरायच्या आधी ती तापानं गेली. नातवाचं तोंड न पाहता.

तेरवीला सुधाकरबाबू आला. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "काका, आता मशीन गावबी पाहते. नाव, नवरा, गाव, तिन्ही जुळलं तरच उडवते. त्या ओळीच्या बाजूले काकूचं नाव लिहून ठेवलं मी."

माझी बायको गेली आणि हा मला ओळ दाखवून राहिला! थुंकावंसं वाटलं. पत्रावळीवरचा भात तसाच टाकून मी उठलो.

पुढं त्याला नागपुरात नोकरी लागली, तो गेला. मालकांनी खोलीला चुना मारायला सांगितलं. मी खुरपं घेऊन शिव्या देत त्याच्या चिठ्ठ्या खरवडल्या, वाळलेल्या भातासकट. एका चिठ्ठीपाशी त्याच्या जागी आलेल्या बाईंनी मला थांबवलं.

"हे पहा, इथं जानकी लिहिलं आहे. मशीन बाकी ओळ वाचते, हे नाव तेवढं वाचत नाही. हे नुसतं माणसांनी वाचायला असते."

मला इंग्रजी येत नाही. मी खुरपं खाली ठेवलं. चिठ्ठीवर मुंग्या चढून राहिल्या होत्या.

चुना मी तिच्याभोवतीनं मारला.