शिकणाऱ्याला सूट आहे

मंडळी, आज दुपारपासून मी तरंगतोय.

कान तपासायला शिकवणारं कॉलेज अर्धवट सोडून मी साताऱ्यात श्रवणयंत्रांच्या दुकानात लागलो. माझ्याच वर्गातली वैशाली तिथं कान तपासते. आज कान तपासायला आलेले माण तालुक्यातले रिटायर सुभेदार मला म्हणाले, "तूच तपास की रं." मी मशीनला हात घातला.

"हात काढ. कौन्सिलच्या नोंदणीशिवाय कुणी तपासायचं नाही," वैशाली म्हणाली.

"मला तुझ्याआधी येत होतं," मी भडकलो.

"मग परीक्षा द्यायचीस. शिकणाऱ्याला सूट असते, नोंदणीवाल्याच्या देखरेखीखाली."

काचेआड ती सुभेदारांना बारीक आवाज ऐकवत होती. ऐकू आलं की ते हात वर करत. बाहेर मला काहीच ऐकू येत नव्हतं, तरी तिच्याकडे बघता बघता माझाही हात वर जात होता.

अर्ध्यावर सोडलेल्याला कॉलेज परत घेतं का हो? देखरेख तिचीच हवी.